केतकीचं दावं

रंगवाले शेठ गाडीतून उतरले तेव्हा येसूबाईनं आधी त्यांचे हात बघितले. एका हातात अत्तराचा वास मारणारा रुमाल होता, दुसऱ्यात काही नव्हतं. मग तिनं ड्रायव्हरचे हात बघितले, आणि मागच्या दारातून उतरलेल्या तिसऱ्या माणसाचेही. त्याच्या हातात कातडी बॅग होती. जे असायला हवं होतं ते तिघांपैकी कुणाच्याच हातात नव्हतं. येसूबाईनं पदर खोचला. ज्याला विचारायचं सुचत नाही त्याला आपण होऊन का सांगा?

हे शहाऐंशी सालचं. शेठांचा बोईसरला कापडाच्या रंगाचा कारखाना होता, म्हणून सगळे त्यांना रंगवाले शेठ म्हणत. त्यांना घिवलीला घेऊन आला होता तो महादू, येसूबाईचा धाकटा दीर. तिचे यजमान अण्णा गेल्यापासून घरातला कर्ता पुरुष आपणच, असं महादूचं मत होतं. बाकी कुणाचं नव्हतं.

विकायची होती ती अण्णांची घोडी, केतकी. चार वर्षांची. अंग घासलेल्या पितळेसारखं, आयाळ आणि शेपूट पांढरीफेक. जन्मली त्या दिवशी अण्णा म्हणाले होते, केवड्याचं कणीस उलगडावं तशी दिसते, आणि तेच नाव पडलं. अण्णांचा टांगा बोईसर स्टेशन ते तारापूर असा वीस वर्षं चालला. पुढं एस्टी झाली, रिक्षा झाल्या, टांगा गोठ्यात मोडून पडला. पण घोड्यांचा नाद सुटला नाही. सारंगखेड्याच्या बाजारातून त्यांनी एक सोनेरी घोडी आणली, तिची ही लेक.

केतकी दीड वर्षाची असताना अण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पुढची दोन वर्षं ते पडवीत खाटेवर होते. तिथून ते सांगत आणि येसूबाई करी. घोडीला रवाल चाल शिकवायची होती. साधा घोडा दुडकत जातो तेव्हा वर बसलेल्याची हाडं खिळखिळी होतात. रवाल चालणारा घोडा एका अंगाचे दोन पाय बरोबर टाकतो आणि पाठ हलू देत नाही. पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला हातात धरून बसावं आणि थेंब सांडू नये, ही त्याची परीक्षा. त्यासाठी एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय सैल दोरानं जोडून रोज चालवायचं. दोर पायाला काचू नये म्हणून येसूबाईनं आपल्या दोन लुगड्यांच्या चिंध्या केल्या. ओहोटीला ती घोडीला ओल्या वाळूत नेई आणि परत येऊन खाटेशी उभी राही.

"मागचं पाऊल कुठं पडलं?" अण्णा तिरक्या तोंडानं विचारत.

"पुडच्याच्या जरा मागं."

"मग अजून नाय."

आठ महिने हेच. एका सकाळी मागचं पाऊल पुढच्याच्या बोटभर पुढं पडलेलं तिला दिसलं. ती गुडघे टेकून वाळूत बघत बसली, आणि पाणी येऊन ठसे पुसून गेलं तेव्हा उठली. अण्णांना ती फक्त म्हणाली, "पडलं." अण्णांनी डोळे मिटले. त्या घरात कौतुक एवढंच होई.

आता अण्णा नव्हते. येसूबाईचं साठावं सरत आलं होतं आणि डावा गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. रवाल चाल काही पेटीत घालून ठेवता येत नाही. रोज वाट तुडवली नाही तर जनावर ती सहा महिन्यांत विसरतं. म्हणून घोडी द्यायची होती. तिच्यावर बसून रोज कुठंतरी जाईल असा माणूस हवा होता, आणि तेवढी एकच अट येसूबाईच्या मनात होती. तिनं ती महादूला सांगितली नव्हती. त्याला सांगणं म्हणजे केळीच्या खुंटाला सांगणं.

तीन दिवसांपूर्वी पाम गावचा एकनाथ येऊन गेला होता. तो गवताच्या वखारीचा मुकादम. वाणगावपासून डोंगराकडं जिथं जीप जात नाही तिथली कुरणं बघत हिंडायचं त्याचं काम. गवताच्या गंजीवरून पडून त्याची पाठ कामातून गेली होती. आल्या आल्या त्यानं घोडीचे चारी खूर उचलून बघितले आणि म्हणाला, "बाय, पेला दे."

येसूबाईनं पेला काठोकाठ भरून दिला. वाडीपासून देवळापर्यंत जाऊन तो परत आला तेव्हा पेला बोटभर रिता झाला होता.

"घोडीनं नाय सांडलं," येसूबाई म्हणाली. "तू सांडलंस. भाताच्या पोत्यागत बसतोस."

"पाठ मोडलीय माझी, बाय. म्हनून तर ही पायजे."

"किती देशील?"

"अकरा हजार. त्याच्या वर माज्याकडं नाय."

पानाच्या पिंकेनं त्यानं गोठ्याची मेढ रंगवली, घोडीचं वय दोनदा खोटं पाडायचा प्रयत्न केला. येसूबाईला तो काही आवडला नाही. "कळवते," म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं.

आणि आज हे शेठ. पांढरे बूट घालून आलेले. गोठ्याच्या दाराशी शेण दिसल्यावर ते धुण्याच्या दगडावर चढून उभे राहिले, आणि जाईपर्यंत तिथून उतरले नाहीत. त्यांनी बरोबर आणलेला जाणकार, बळवंतराव, पुण्याकडचा, घोड्यांच्या पैदाशीतला. त्यानं केतकीचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. पापणी ओढली. आयाळ दुभागून मानेची कातडी बघितली, शेपटीचे चार केस उपटून पाकिटात घातले. पाय मात्र एकदाही उचलला नाही. मुलगी बघायला यावं आणि तिच्या आजीचीच तेवढी चौकशी करून उठावं, तसला प्रकार.

"हिची आई कुठल्या रंगाची?" बळवंतरावांनी विचारलं.

"हिच्यासारखीच."

"तिला आणखी काही झालं होतं?"

"एक शिंगरू. पांढरं. डोळे निळे. डहाणूच्या वरातवाल्यानं नेलं."

बळवंतराव शेठांकडं असे वळले, जणू ते शिंगरू स्वतः बळवंतरावांनीच जन्माला घातलं होतं. "मी म्हणालो नव्हतो? रक्तात आहे. हिला अशाच सोनेरी घोड्याला दाखवली, की चारात एक शिंगरू पांढरंशुभ्र, गुलाबी कातडीचं, निळ्या डोळ्यांचं. नुकरा. मुंबईत वरातवाले रांगा लावतात."

"आणि बाकीची तीन?" येसूबाईनं विचारलं.

"दोन हिच्यासारखी सोनेरी. एक तांबडं. तांबडं काढून टाकायचं."

"म्हंजे हिनं चारदा व्यायचं, तवा एकदा तुमचं काम."

"हर साल एक," दगडावरून शेठ म्हणाले. "हिला दुसरं काम काय? चारा हम देंगे, छप्पर देंगे. पंखा पण लावू."

केतकीनं कान टवकारले आणि शेठांच्या रुमालाकडं मान लांब केली. कुणाच्याही हातात काही दिसलं की ती गूळ समजे. येसूबाईला वाटलं, ही पण तसलीच. हिला काय कळतंय?

"चाल बघता ना?" ती म्हणाली. "पेला आनते."

शेठ हसले. "चाल का क्या करना है, बाई? वरातीत घोडी उभीच असते. बॅण्ड पुढं सरकला की दोन पावलं. आणि ही तर वरातीला पण नाही जाणार. ही तबेल्यात."

"रवाल हाय ती."

"असेल, असेल," बळवंतराव म्हणाले. "चाल तशी रक्तातूनच येते. ती काही शिकवून होत नाही."

येसूबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. गोठ्याच्या खुंटीवर लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेला तो जुना दोर अजून लटकत होता, बळवंतरावांच्या कानापासून हातभर अंतरावर. चार केसांसाठी त्यानं बॅग उघडली होती, पण दोराकडं मान वळवली नाही. शिकलेली माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. अणुशक्तीच्या वसाहतीतली तर रोज भाजी घ्यायला येत. पण न बघता कळणारा हा पहिलाच.

शेठांनी आकडा सांगितला. अठरा हजार. महादूला ठसका लागला. तो येसूबाईला केळींच्या आडोशाला घेऊन गेला.

"वयनी, हो म्हन. शेठ मोरूला कायम करनार हायेत."

मोरू महादूचा मुलगा, शेठांच्याच कारखान्यात रोजंदारीवर होता. येसूबाईला आता कळलं की गाडी घिवलीपर्यंत कशी आली.

"मोरूला कायम करायला त्याच्या अंगात काय कमी हाय?" ती म्हणाली. "ते घोडीनं भरून काडायचं?"

"घरचंच पोर हाय ना तुज्या."

"घरचं हाय म्हनूनच इचारते. घोडी माजी, पोट तिचं, नि कायम व्हनार मोरू."

"अण्णा असते तर हो म्हनाले असते."

"अण्णा असते तर तुला चाल बघायला लावली असती. वर बसवून."

महादू लहानपणी टांग्यातून पडल्यापासून घोड्याच्या वासालाही घाबरे. तो मागं फिरला. ती दोघं परत आली तेव्हा शेठांनी ड्रायव्हरकरवी नोटांची चळत पडवीतल्या खाटेवर ठेवलीच होती. नाही हा शब्द त्यांनी बरेच दिवस ऐकलेला नसावा. वाडीच्या तोंडाशी टेम्पोही आणून उभा केला होता.

"खोल दो," शेठ ड्रायव्हरला म्हणाले.

ड्रायव्हरनं केतकीच्या दाव्याला हात घातला. येसूबाईनं खुंट्यावर हात ठेवला.

"तुमचं दावं कुठाय?" ती म्हणाली.

त्या बाजूला रीत अशी, की जनावर विकावं पण दावं विकू नये. घेणाऱ्यानं नवं दावं घेऊन यायचं, स्वतःच्या हातानं जनावराच्या गळ्यात घालायचं, मग विकणाऱ्यानं आपलं जुनं सोडून घ्यायचं. आपल्या दाव्यासकट जनावर गेलं की पाठोपाठ गोठा रिकामा होतो, अशी समजूत. नवं दावं पडेपर्यंत पैसे मोजून झाले तरी जनावर जुन्या धन्याचंच. बैल असो, म्हैस असो, घोडी असो. घेणारा परका असला तर ही गोष्ट त्याच्या कानावर घालणं हे मधल्या माणसाचं काम. इथं मधला माणूस महादू. त्याच्या बापानं याच गोठ्यातून सात बैल विकले होते आणि सातही जुनी दावी आढ्याला टांगलेली होती. पण कारखान्याच्या साहेबांबरोबर चहा प्यायला लागल्यापासून महादूनं वर बघणं सोडलं होतं.

"रस्सी?" शेठ म्हणाले. "रस्सी का पैसा अलग ले लो."

"दावं इकत नायत."

"वयनी, आता कोन बघतंय ही रीत?" महादू म्हणाला.

"तू नाय बघत, म्हनून तर शेठ हात हालवत आले. तुजी लाज तू झाक."

बळवंतराव काहीतरी अंधश्रद्धा वगैरे बोलले. शेठांनी घड्याळ बघितलं आणि हसून सोडून दिलं. दोरीसाठी सौदा मोडणारे ते नव्हते. ड्रायव्हरला त्यांनी गाडी घेऊन बोईसरला पिटाळलं. "जो अच्छे से अच्छा मिले, ले आना." तोवर महादूच्या घरी चहा.

"नोटा उचला," येसूबाई म्हणाली. "नवं दावं पडल्याबिगर मी हात लावीत नाय."

ते गेले. दगडावरून उतरताना शेठांनी पांढऱ्या बुटांची टोकं अशी जपून टाकली, की येसूबाईला ओहोटीला चिखलात उतरणारा बगळा आठवला. बगळ्याला निदान मासा सापडतो.

तिनं केतकीला सोडलं, पाठीवर घोंगडी टाकली आणि वाडीच्या मागच्या खिंडारातून किनाऱ्यावर नेलं. तिथं जमना काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती. ही कोळीण आणि येसूबाई चाळीस वर्षं शेजारणी.

"इकलीस?" जमनानं विचारलं.

"अजून नाय. इकायला चाल्लेय."

"अगं, गिराईक तर महादूच्या ओट्यावर बसलंय."

"ते रंग घ्यायला आलंय. रंग मी इकीत नाय."

जमनानं तिच्या गुडघ्याकडं बघितलं. "नि चडनार कशी? सोबत शिडी आनलीस काय?"

येसूबाई पालथ्या घातलेल्या होडीवर चढली आणि तिथून घोडीवर. अण्णा अंथरुणाला असताना ती पुष्कळदा बसली होती, पण पहाटे, किनारा ओस असताना. बायकांनी घोड्यावर बसलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. आज उन्हं वर आली होती आणि बोंबलांच्या काठ्यांमागून चार कोळणी तोंडाला पदर लावून बघत होत्या.

"कोनी इचारलं तर काय सांगू?" जमना म्हणाली.

"सांग, घोडीचे पाय मोकळे करायला गेली. खोटं नाय ते."

किनाऱ्यानं थोडं जाऊन तिनं रस्ता धरला. केतकी चालत राहिली. खालून फक्त चार टापांचा एकसारखा आवाज येत होता, वर काही पोचत नव्हतं. गुडघासुद्धा दुखला नाही. रस्त्यानं सायकलवरून पाळीला जाणारे कामगार थांबून बघू लागले. एकजण म्हणाला, "अरे, झाँसी की रानी." येसूबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. तिला एकच वाईट वाटलं, की पेला बरोबर घ्यायला हवा होता.

पामला एकनाथ वखारीच्या दाराशी गवताचे भारे मोजत होता. तिला घोडीवर बघून तो आकडा विसरला.

"दावं हाय?" येसूबाईनं वरूनच विचारलं.

"तीन दिवस उशाशी घेऊन झोपतोय," एकनाथ म्हणाला. आत जाऊन त्यानं आणलं. घरच्या अंबाडीचं, हातानं वळलेलं, गाठीशी तांबडा दोरा गुंडाळलेलं. ते त्यानं केतकीच्या गळ्यात घातलं. येसूबाईनं जुनं सोडून घेतलं. पैसे एका फडक्यात बांधलेले होते. तिनं ते कनवटीला लावले.

"सांजच्याला रोज चार कोस तरी ने," ती म्हणाली. "दुडकायला लागली तर एका बाजूचे पाय जोडून चालव. चिंध्या गुंडाळून. नि ताठ बस."

"पाठ—"

"ठाव हाय. मोडलीय. पन वाकून बसलास तर तिची पन मोडंल."

एकनाथनं घोडीला गूळ दिला. ती त्याच्या मागोमाग वखारीत गेली. मागं वळून बघितलं नाही. येसूबाईनं उगाच थोडा वेळ वाट बघितली, मग स्वतःलाच बावळट म्हणून निघाली.

परतताना गुडघ्यानं सगळा हिशोब चुकता करून घेतला. अर्ध्या वाटेवर शेठांची गाडी समोरून आली आणि थांबली. आत शेठ, बळवंतराव, पुढं महादू. महादूच्या मांडीवर निळ्या नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं होतं.

"घोडी किधर है?" शेठांनी विचारलं.

येसूबाईनं खांद्यावरचं जुनं दावं दाखवलं. "दिली. पामच्या गवताच्या मुकादमाला."

"कितने में?"

"अकरा."

"सात हजाराचं नुकसान केलंस, बाई."

"तुमाला चारात तीन नुकसान चालनार व्हती. मला एक चालंल."

बळवंतराव काच वर करत म्हणाले, एवढं रक्त गवतवाल्याकडं फुकट जाणार. तोंड उघडलं तर शेठांच्या समोर रडू फुटेल, असा महादूचा चेहरा झाला होता. त्या एका क्षणी येसूबाईला त्याची कीव आली. ती टिकली नाही.

"ती निळी दोरी जमनेला दे," ती त्याला म्हणाली. "बोंबलाच्या काठीला व्हईल."

महादू तिच्याशी दोन वर्षं बोलला नाही. मोरू त्याच कारखान्यात पुढं कायम झाला, त्याला काही घोडी लागली नाही. शेठांनी दुसरीकडून एक सोनेरी घोडी आणून वाणगावच्या बाजूला तबेला बांधला, पंखेही लावले. तिला ओळीनं तीन शिंगरं तांबडी झाली, असं जमना कुठूनसं ऐकून आली आणि पोट धरून हसली. येसूबाई हसली नाही. त्या तीन शिंगरांचा त्यात काय दोष?

निळी दोरी मात्र जमनेनं खरंच काठीला बांधली. उन्हातान्हात ती काही केल्या कुजेना.

केतकीची चौकशी येसूबाईनं कधी केली नाही. पाच वर्षांनी एका दुपारी एकनाथच घिवलीला आला, नातीच्या लग्नासाठी शहाळी सांगायला. किनाऱ्यानं आला होता. घोडी वाडीच्या कुंपणाला बांधून तो ओट्यावर बसला आणि पाणी मागितलं. येसूबाई पाणी आणते म्हणून उठली ती मागच्या खिंडारातून सरळ किनाऱ्यावर गेली. ओहोटी होती. ओल्या वाळूत ठसे थेट वळणापर्यंत गेले होते. ती काठी टेकत टेकत वाकली. मागचं पाऊल पुढच्याच्या बोटभर पुढं होतं. सगळीकडं.

परत येऊन तिनं एकनाथला पाण्याचा तांब्या दिला.

"बघितलीस घोडी?" एकनाथनं विचारलं. "कशी वाटते?"

"बरी हाय," येसूबाई म्हणाली. "तू अजून पोत्यागतच बसतोस."